मॅटवरचा तिसरा माणूस

९ फेब्रुवारी

ताई,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र बिचारं वाजत नाही, टेबलावर गप पडून राहतं. वाचावंसं वाटलं तर सोबतीच्या बाईंना समोर धरायला सांग. नाही वाटलं तर राहू दे.

आधी घरचं. आई बरी आहे. तिचे गुडघे कुरकुरतात आणि ती गुडघ्यांपेक्षा जास्त कुरकुरते. तुझी खोली तिने होती तशी ठेवलीय. पदकं रोज पुसते, मला हात लावू देत नाही. मी अजून बस डेपोतच आहे, पासच्या खिडकीवर. दिवसभर लोकांचे फोटो बघायचे आणि समोरच्या तोंडाशी जुळवायचे. एकाचंही तोंड फोटोसारखं नसतं.

आता माझं. मी कुस्ती सोडली. सोडली म्हणजे खांद्याने सोडायला लावली. परत निखळला. डॉक्टर म्हणाले, "हा खांदा आता पर्स अडकवायला ठेवा, बाकी काही मागू नका त्याच्याकडून." मी तिथे हसले. घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून बसले. आईला कळलंच. ती दाराबाहेरून म्हणाली, "पाणी वाया जातंय गं."

तालमीतून निरोप आला होता, मुलींना शिकवायला ये म्हणून. मी नाही म्हटलं. डाव शिकवणारे पुष्कळ आहेत. मला वेगळंच हवं होतं. ताई, मी पंचांच्या शिबिराला नाव दिलंय.

घे, सांगून टाकलं. आपल्या घरात पंच हा शब्द शिवीसारखा वापरतात, हे मला माहीत आहे. आई अजूनही म्हणते, त्या मेल्याने वेळेवर शिट्टी फुंकली असती तर माझी पोर आज स्वतःच्या पायांनी चालत असती. मी प्रेक्षकांत होते तेव्हा. पाठ टेकू नये म्हणून तू मानेवर पूल टाकलेला, समोरचीचा हात तुझ्या गळ्याभोवती, आणि तो माणूस नुसता वाकून बघत होता. मी माझ्या जागेवरून ओरडत होते, थांबवा, थांबवा.

मला त्या जागी उभं राहायचंय. या खेळाने आपलं घेतलं ते घेतलं, पण दिलंही आहे. माझा ताठ कणा त्याने दिला, आणि तुझ्या पाठोपाठ पळत जाण्यातलं सगळं बालपणही. ते फेडायचं तर मला हीच एक जागा दिसते.

तुझी,
मुंगी

२ मार्च

ताई,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. पण पत्र परतही आलं नाही, तेवढ्यावर दुसरं लिहितेय.

शिबीर स्टेडियमच्या तळघरात भरतं. वर बॅडमिंटन चालतं, त्यामुळे छतावर सारखी धपधप. आम्ही वीसेक जण. बहुतेक माझ्यासारखेच, खांदे गेलेले, गुडघे गेलेले. एक पोट सुटलेला जुना हेवीवेट पैलवान आहे. तो जमिनीवर आडवा झाला की दोघांनी उठवायला लागतं. आणि आडवं तर दिवसभर व्हायचं असतं. खांदा गादीला टेकला की नाही हे उभ्याने दिसत नाही, गाल मॅटला लावूनच बघावं लागतं.

पंचाच्या डाव्या हाताला लाल पट्टा, उजव्याला निळा, खेळाडूंच्या पोशाखांसारखे. ज्याचा गुण, त्या रंगाचा हात वर. सोपं वाटतं ना? पहिल्या दिवशी मी लालचे गुण निळीला देऊन मोकळी. हेवीवेट म्हणाला, "मॅडम, सिग्नलचं काम मिळालं तर घेऊ नका."

शिकवणारे एक वयस्कर मास्तर आहेत. हळू बोलतात. फळ्यावर काही लिहीत नाहीत, गादीवर दोघांना लढायला लावतात आणि मध्येच टाळी वाजवून सगळ्यांना जागच्या जागी थांबवतात. "आता सांगा. कुठे बघत होता तुम्ही?" आम्ही सगळे हात बघत असतो. ते म्हणतात, "हात प्रेक्षक बघतात. तुम्ही मान बघा."

एकाने विचारलं, "सर, दुखापत वाटते, पण खेळाडू स्वतःच म्हणतो मी ठीक आहे. मग?"

मास्तरांनी गादीची दुमडलेली कड पायाने सरळ केली. वरून शटल मारल्याचे आवाज येत होते. मग म्हणाले, "त्याला विचारायचंच नाही. तो कधी थांब म्हणणार नाही. लढणाऱ्याला स्वतःला थांबवता येत नाही, म्हणून तर मॅटवर तिसरा माणूस ठेवलाय."

मी ते घरी येईपर्यंत मनात घोळवत होते. आईला शिबिराचं सांगितलेलं नाही. डेपोत जादा काम आहे म्हणते.

तुझी,
मुंगी

२१ एप्रिल

ताई,

परीक्षा पास झाले. आनंदाने लिहायला हवं होतं, पण आधी एक गोष्ट सांगायची राहिलीय. राहिली म्हणजे मुद्दामच टाळली. मागच्या पत्रात 'एक वयस्कर मास्तर' लिहिताना पेन अडखळलं होतं.

ते तेच आहेत ताई. तुझ्या लढतीचे पंच.

पहिल्याच दिवशी दारातून आत गेले आणि ते समोर. केस पांढरे झालेत, पाठ वाकलीय, पण मी त्यांना अंधारातही ओळखलं असतं. हजेरी घेताना माझ्या आडनावापाशी थांबले. सुट्टीत माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "तू तिची धाकटी."

मी म्हटलं, "हो."

"जायचं असेल तर जा. मी काही म्हणणार नाही. राहायचं असेल तर पहिल्या रांगेत बस."

मी पिशवी उचलली होती. खरंच उचलली होती. जिन्यापर्यंत गेले. मग मनात आलं, काय चुकतं, कसं चुकतं, हे या माणसाइतकं कोण सांगू शकेल? परत आले आणि पहिल्या रांगेत बसले.

त्यांना तेव्हा दोन वर्षांसाठी काढून टाकलं होतं. ती संपली तरी मोठ्या मॅटवर त्यांना कुणी बोलावलं नाही. तेव्हापासून ते तळघरात नवे पंच घडवतात. मी त्यांच्यावर दया करायला गेले नव्हते. उलट रोज ठरवून जायचे की आज तोंडावर विचारायचं. शेवटच्या दिवशी विचारलंच. बाकीचे निघून गेले होते, ते गादीच्या कडा सरळ करत होते.

"तुम्ही शिट्टी का नाही वाजवलीत?"

ते उठले नाहीत. "उशीर झाला माझ्याकडून."

"पण का झाला? काही कारण असेल ना?"

"पंचाच्या उशिराला कारण नसतं," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तिला वेदना होतात का अजून?"

काय सांगणार? तू मला फोनवर आवाजसुद्धा ऐकू देत नाहीस. मी म्हटलं, "मला माहीत नाही." त्यांनी मान हलवली, जणू हेच उत्तर त्यांना अपेक्षित होतं.

शिव्या द्यायच्या असतील तर दे. पण दे. गप्प राहू नकोस.

तुझी,
मुंगी

११ सप्टेंबर

ताई,

'यापुढे लिहू नकोस.' तुझं हे एका ओळीचं उत्तर मी पाकिटासकट जपून ठेवलंय. अक्षर बाईंचं, पण बोलणं तुझंच. इतके महिने ऐकलं तुझं. आज नाही ऐकत. आज मला बहीण हवी आहे, आणि आईला सांगता येत नाही.

गेल्या महिन्यात संघ निवडीच्या लढती होत्या. माझी पहिली मोठी मॅट. पांढरा शर्ट, काळी पँट, दोन हातांना दोन पट्टे. आईला अखेर सांगावं लागलं. तिने दोन दिवस अबोला धरला, तिसऱ्या दिवशी शर्टाला इस्त्री करून दारामागे लावून ठेवला.

अंतिम लढतीत लाल पोशाखातली मुलगी पुढे होती. काय पोरगी होती! तुझ्यासारखीच, कमरेतून नुसती वीज. जिंकली की थेट संघात. संपायला थोडाच वेळ उरलेला आणि निळीने तिला उचलून टाकलं. डाव नियमातला होता. पण लाल आपटली ती डोक्यावर. मी शिट्टी वाजवली. ती लगेच उठली, केस मागे सारले, म्हणाली, "मला काही झालं नाही, मॅडम. सुरू करा."

डॉक्टर आले. त्यांनी विचारलं, "ठीक आहेस?" ती म्हणाली, "एकदम." ते माझ्याकडे बघून म्हणाले, "चालू द्या."

मी तिच्या मानेकडे बघत होते. मान सरळ होती, पण डावा हात तिने अंगाशी धरला होता, दुसऱ्याची वस्तू सांभाळल्यासारखा. मी माझं बोट पुढे केलं. "धर. जोरात दाब." तिची बोटं माझ्या बोटाभोवती आली आणि नुसती राहिली. दाब नव्हताच. ती माझ्या डोळ्यांत बघून हळूच म्हणाली, "प्लीज."

तिचे प्रशिक्षक खुर्चीवरून ओरडत होते. सगळा हॉल ओरडत होता. मी डॉक्टरांना परत बोलावलं आणि सांगितलं, "माझ्यासमोर तपासा. त्याशिवाय मी सुरू करणार नाही." त्यांनी तपासलं. चेहरा उतरला त्यांचा. लढत थांबवली, आणि मी निळीचा हात वर केला.

लाल मुलगी मॅटवरून उतरेना. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "मला विचारलंत का तुम्ही? माझा हात आहे. माझी मान आहे. मला विचारलंत?" मग रडायला लागली. तशीच, लहान पोरीसारखी, नाक पुसत.

हॉस्पिटलमध्ये काहीच निघालं नाही. नस दबली होती म्हणे, दोन दिवसांत हात पूर्ववत. संघ गेला परदेशी. ती घरी बसलीय. तिच्या प्रशिक्षकांनी तक्रार केली, आणि चौकशी होईपर्यंत मलाही घरी बसवलंय. डेपोत कुणीतरी मोबाइलवर ती लढत दाखवली आणि म्हणालं, "तुमच्या घरचं जुनं दुखणं त्या पोरीच्या माथी कशाला मारलंत?" मी पास काढत राहिले.

मास्तरांकडे गेले. त्यांनी चहा टाकला. मी विचारलं, "मी बरोबर होते का?"

"ते तुला कधीच कळणार नाही," ते म्हणाले. "थांबवलं, तर काय होणार होतं ते कुणालाच दिसत नाही. ते न कळता जगायचं. हीच आपली मजुरी."

परत येताना बसमध्ये एक विचार आला, तो तुला लिहायलाच हवा. त्या दिवशी मास्तरांनी शिट्टी वाजवली असती तर तूही असंच ओरडली असतीस. जन्मभर त्यांना शिव्या दिल्या असत्यास. आणि शिव्या देत देत स्वतःच्या पायांनी घरी आली असतीस.

तुझी,
मुंगी

१८ नोव्हेंबर

ताई,

मास्तर गेले. परवा दुपारी खुर्चीत बसल्याबसल्या. हृदय.

त्यांच्या हाताखाली शिकलेले झाडून सगळे आले होते. हेवीवेट तर ओक्साबोक्शी रडला. कुस्ती संघटनेकडून कुणी आलं नाही.

त्यांच्या बायकोने मला आत बोलावलं. म्हणाली, "रोज संध्याकाळी रेडिओवर हवामान लागलं की सगळ्यांना गप्प करायचे. तुमच्या बहिणीच्या शहरात थंडी किती, पाऊस किती. थंडी वाढली की म्हणायचे, तिला आज त्रास होत असेल."

तुला राग येईल, येऊ दे. मला हे एकटीच्या जवळ ठेवता येत नव्हतं.

मुंगी

३ डिसेंबर

ताई,

रविवारी मी तुझ्यासमोर बसले होते आणि बोलायला हवं होतं तेच मला बोलता आलं नाही. म्हणून परत पत्र. तू हसशील, आता फोन उचलतेस तर ही लिहीत बसलीय. पण हे मला लिहूनच द्यायचंय.

तुझा फोन आला तेव्हा मी खिडकीवर होते. "ये," एवढंच म्हणालीस. रांगेतल्या माणसाचा अर्धा पास तसाच टाकून निघाले. तुझी खोली मी पहिल्यांदा पाहिली. टेबल, संगणक, कानाला लावायचं ते यंत्र, ज्यावर तू दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकतेस. भिंतीवर एकही पदक नाही, एकही फोटो नाही. तू केस कापलेस. छान दिसतात. तेही तेव्हा बोलले नाही.

तू जे सांगितलंस ते मी इथे पुन्हा मांडते, माझ्या ऐकण्यात काही चुकलं नाही ना, ते बघ.

तू म्हणालीस, "त्यांनी मला विचारलं होतं गं."

मी म्हटलं, "कुणी?"

"पंचांनी. खाली आले, गाल मॅटला लावला, तोंड अगदी माझ्या तोंडाशी. म्हणाले, थांबवू? मानेत कळ येत होती मला. पण तिची पकड सुटत आलेली, अजून एक हिसका दिला की ती माझ्याखाली. मी म्हणाले, खबरदार. एवढंच. खबरदार. ते थांबले. आणि मग तो आवाज आला."

मग तू पाणी मागितलंस. बाईंनी नळी तोंडाशी धरली. त्या बाहेर जाईपर्यंत तू बोलली नाहीस.

"चौकशीवाले आले तेव्हा माझ्या घशात नळी होती. ती निघेपर्यंत त्यांना काढून टाकलं होतं. मी वाट बघत राहिले, आज सांगतील, उद्या सांगतील. स्वतःला वाचवायला तरी सांगतील. ते बोललेच नाहीत. घरी आई पदकं पुसायची आणि त्यांना शिव्या द्यायची, आणि मी पलंगावर पडून ऐकायचे. किती वेळा तोंडाशी आलं. पण आईचा तेवढाच तर आधार होता, त्यांना शिव्या देणं. म्हणून गेले मी घरातून. तुला वाटत आलं तसं, तू कुस्ती खेळत होतीस म्हणून नाही."

मी विचारलं, "मग त्यांचा इतका राग का?"

"ते गप्प राहिले म्हणून. त्यांनी सांगितलं असतं तर मी सुटले असते. आता ते गेले. आता मी हे कुणाला सांगू?"

ताई, मी तुझा हात धरून बसले होते. तुला तो कळत नव्हता हे मला माहीत होतं, तरी धरला होता. शेवटची बस होती, मी निघाले. रस्ताभर माझ्या तोंडून जे निघायला हवं होतं, ते आता लिहिते.

मी तुझी बहीण आहे, आणि मी पंचही आहे. चौकशीत मला सोडलं, पुढच्या महिन्यात परत मॅटवर उभी राहीन. तेव्हा हे पंच म्हणून ऐक. लढणाऱ्याला विचारायचं नसतं. मान वळली की थांबवायचं, मग तो काहीही म्हणो. तू खबरदार म्हणालीस, ते बरोबरच म्हणालीस. तुझं काम लढण्याचं होतं आणि तू लढत होतीस. थांबवण्याचं काम त्यांचं होतं. चूक पंचाची होती, ताई. तुझी नव्हती.

मला मास्तर आवडायचे. बाबा गेल्यावर इतकं कुणाकडून शिकले नव्हते. त्यांच्यावर हा ठपका मी, त्यांच्याच शिष्येनं, ठेवतेय. पण तळघरात पहिल्या रांगेत बसवून त्यांनी मला हेच शिकवलं होतं. तुझ्या त्या 'खबरदार'बद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत, कारण त्यांनी स्वतःविरुद्ध निकाल कधीच दिला होता. त्यात तुझं नाव कुठेच नव्हतं. तू इतकी वर्षं स्वतःला उगीच त्यात ओढत राहिलीस.

आईला सांगायचं की नाही, ते तू ठरव. मी तोंड उघडणार नाही. तिने सकाळी विचारलं, "कशी आहे ती?" मी म्हटलं, "केस कापलेत." ती म्हणाली, "लांब छान दिसायचे." मग बराच वेळ ओट्याकडे तोंड करून उभी राहिली.

मी दारात पोचले तेव्हा तू विचारलंस, आता बोलून उपयोग काय, ऐकायला हवा होता तोच गेला. मी एवढंच करू शकते, की येऊन तुझ्याजवळ बसेन, आणि तुला ते पुन्हा सांगावंसं वाटलं तर पुन्हा ऐकेन. कितीही वेळा.

शनिवारी सकाळच्या गाडीने निघते.

मुंगी